उठलीच आहेस तर

माझ्या ताईने पहाटेची वेळ स्वतः कमावली होती. ती तिच्याकडून कशी काढून घेतली गेली हे आठवलं, की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. म्हणून पहिल्यापासून सांगते.

ताई चष्म्याच्या दुकानात काम करायची. पुढच्या भागात आरसे, दिवे, फ्रेमांची कपाटं आणि गोड बोलणारे मालक. मागच्या अरुंद खोलीत काच घासायचं यंत्र, आणि त्या यंत्रापाशी ताई. फ्रेमच्या आकाराप्रमाणे काच घासायची, कडा मऊ करायच्या, फ्रेममध्ये बसवायची, पुसून पुढे द्यायची. हातावर कायम पांढरी भुकटी. गिऱ्हाईक चष्मा डोळ्यांवर चढवून आरशात बघायचं आणि मालकांना म्हणायचं, "वा, छान जमलाय." ताईला ते पार्टिशनमागून ऐकू यायचं.

तिला पुढे बसायचं होतं. नंबर काढायच्या खुर्चीशेजारी. समोरच्या माणसाच्या डोळ्यापुढे एकामागून एक काच धरायची आणि विचारायचं, "हे स्पष्ट दिसतंय की मघाचं?" लग्नाआधीपासून तिच्या मनात होतं ते. त्यासाठी परवाना लागतो, परवान्यासाठी परीक्षा. घरी बसून अभ्यास करायचा आणि वर्षाच्या शेवटी पेपर द्यायचे, अशी सोय निघाली तेव्हा तिने मला न विचारता, नवऱ्याला न विचारता नाव नोंदवलं आणि मग आम्हाला सांगितलं.

"कर की," भावजी म्हणाले. "मी कधी नाही म्हटलंय?"

खरंच, नाही ते कधीच म्हणायचे नाहीत. माझे मेहुणे स्वभावाने वाईट नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. ते वाईट असते तर ही गोष्ट सोपी झाली असती.

आधी ताईने रात्री अभ्यास करून पाहिला. दिवसभर यंत्रापाशी उभं राहून आलेली बाई, जेवणं उरकून, ओटा पुसून पुस्तक उघडायची आणि पहिल्याच पानावर मान टाकायची. एकदा तर प्रकाशकिरणांच्या आकृतीवर गाल टेकून झोपली आणि सकाळी गालावर पेन्सिलीच्या रेघा घेऊन दुकानात गेली. मग तिने ठरवलं, घर उठायच्या आत उठायचं.

ते काही एका दिवसात जमलं नाही. पहिले काही दिवस गजर वाजला की ती तो बंद करून परत झोपायची आणि दिवसभर स्वतःवर चिडायची. मग फोन उशाखाली ठेवायला लागली, आवाज बंद करून, नुसता थरथरता. म्हणजे दुसऱ्या कुणाची झोप मोडायला नको. किटली रात्रीच भरून ठेवायची. पुस्तक, पेन्सिल, शाल स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडून ठेवायची, म्हणजे अर्धवट झोपेत शोधाशोध नको. घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत भावजी, ताई आणि लेक; बाहेरच्या खोलीत सोफ्यावर सासूबाई. उरलं स्वयंपाकघर. दार लोटून, फटीला खालून टॉवेल लावून ती दिवा लावायची, उजेड बाहेर जाऊ नये म्हणून. आपल्याच घरात चोरासारखं वावरत होती, पण त्याचं तिला काही वाटत नव्हतं.

"अगं, काय सांगू तुला," तिने मला एकदा फोनवर सांगितलं. "त्या वेळी कुणाला काही नको असतं. चहा गरम असेपर्यंतच मी प्यायले आज. कितीतरी वर्षांनी."

मी शाळेत शिकवते, दुसऱ्या गावात राहते. अभ्यासाच्या गोष्टी मला कळतात. ताईचा आवाज ऐकून मला कळलं, की हिची गाडी रुळावर आली. दोन महिन्यांत तिने पहिलं पुस्तक संपवलं. डोळ्याच्या आतले पडदे, बाहुलीची मापं, तिरक्या नंबराचा अक्ष कसा काढायचा, सगळं मला फोनवर समजावून सांगायची आणि मी मुद्दाम आडवेतिडवे प्रश्न विचारायचे.

मग एका पहाटे किटलीचं झाकण तिच्या हातातून निसटलं.

सासूबाई जाग्या झाल्या. दार ढकलून आत आल्या, दिव्याच्या उजेडात डोळे बारीक करून सुनेकडे बघितलं, पुस्तकाकडे बघितलं. म्हणाल्या, "अभ्यास का. बरं बरं. उठलीच आहेस तर माझ्या गुडघ्यांसाठी पिशवीत गरम पाणी भरून दे. रात्रभर ठणकतायत."

यात नाही म्हणण्यासारखं काय होतं? ताईने पाणी भरून दिलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी सोफ्यावरूनच हाक मारली. तिसऱ्या दिवसापासून हाक मारायची गरज उरली नाही, पिशवी टेबलावरच येऊन बसली, पुस्तकाच्या शेजारी. मग लेकीला कळलं. नववीतली मुलगी, सकाळी उठवायला तोफ लागायची. "आई, तू उठलेलीच असतेस ना, मग मला उठव. आणि एकदा उठवून उठले नाही तर परत उठव." मग दुकानाच्या मालकांना कळलं, कारण ताईनेच बोलता बोलता सांगितलं. त्यांना आनंद झाला. काचांचं पार्सल भल्या सकाळी यायचं आणि दुकान बंद असल्यामुळे परत जायचं. "तुम्ही उठलेल्याच असता, ताई. जाता जाता घ्या ना तेवढं." दुकान वीस मिनिटांच्या अंतरावर होतं. जाता जाता कुठे, देव जाणे.

बोट दिलं की मनगट धरायचं, ही माणसाची जातच आहे. पण मला राग येतो तो याचा, की कुणीही तिच्याकडे काही मागतोय असं समजत नव्हतं. झोपलेल्या बाईला उठवून काम सांगायला थोडी तरी लाज वाटते. उठलेल्या बाईला सांगायला कसली लाज?

तरीही ताईने मार्ग काढला. अजून थोडी लवकर उठायला लागली. पुढची मागची कामं उरकून मध्ये जेवढा वेळ हाताशी लागेल तेवढा तिचा. ओढग्रस्तीतला का होईना, संसार चालला होता अभ्यासाचा.

आणि तेवढ्यात भावजी शिबिराला गेले.

भावजी पंप विकणाऱ्या एका कंपनीत विक्री विभागात होते. कंपनीने विक्री वाढावी म्हणून बाहेरचा एक वक्ता बोलावला होता. त्याने दोन दिवस सगळ्यांना हॉलमध्ये बसवून सांगितलं, की जो सकाळ जिंकतो तो दिवस जिंकतो. यशस्वी माणसं उजाडायच्या आत उठतात, थंड पाण्याने अंघोळ करतात, ध्यान करतात, मनातलं लिहून काढतात. भावजी घरी आले ते पेटूनच आले. चेहरा उजळलेला. जेवताना ताईला म्हणाले, "उद्यापासून मी पहाटे उठणार. माझं आयुष्य बदलायचं ठरवलंय मी."

ताईला वाटलं, दोन दिवसांचं खूळ. चार दिवसांनी उतरेल.

ते उतरलं नाही. पहिल्या पहाटे भावजी स्वयंपाकघरात आले, टेबलापाशी थांबले आणि म्हणाले, "अगं, मला इथे बसावं लागेल. बाहेर आई झोपली आहे आणि आत दिवा लावला तर पोरगी उठेल."

"मग मी कुठे बसू?"

"तू काय, कुठेही बसशील. तुला सवय आहे. मला अजून लावून घ्यायची आहे."

तिने पुस्तक उचललं आणि टेबलाच्या एका कोपऱ्याला सरकली. समोर भावजी डोळे मिटून ताठ बसले. थोड्या वेळाने एक डोळा उघडून म्हणाले, "पान जरा हळू उलट ना. एकाग्रता जाते."

हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. ताईने मला जसंच्या तसं सांगितलं आणि मी तिला दोनदा विचारलं, की खरंच असं म्हणाले का. खरंच म्हणाले. पान उलटल्याचा आवाज. परीक्षेला बसलेल्या बाईला.

मग मागण्या सुरू झाल्या. मागण्या तरी कशा म्हणायच्या. सगळं हसत हसत. ध्यान झालं की कोमट पाण्यात लिंबू. लिंबू झालं की व्यायाम, व्यायामानंतर लगेच दोन उकडलेली अंडी, कारण वक्त्याने सांगितलं होतं की अंगात ताकद यायची तर खाणं वेळेवर पडलं पाहिजे. वहीत ते रोज लिहायचे, आज मी कशाकशाबद्दल कृतज्ञ आहे. ताईने एकदा ते उघडं पान पाहिलं. सूर्योदय, स्वतःचं आरोग्य, कंपनी, साहेब. लिंबू पिळणाऱ्या हाताचं नाव त्यात नव्हतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असाच असणार, आणि त्यालाही वाटत असणार की बीळ आपण खणलं.

ताई अभ्यासाला न्हाणीघरात जायला लागली. बादली उपडी घालायची, त्यावर बसायचं, पुस्तक मांडीवर. दार बंद, वरचा पिवळा दिवा, भिंतींना ओल. तिथेही कुणी ना कुणी दार वाजवायचंच. मी सुट्टीत तिच्याकडे गेले तेव्हा पहाटे तहान लागली म्हणून उठले आणि मला ते दिसलं. स्वयंपाकघरात टेबलावर लखलखीत दिव्याखाली भावजी डोळे मिटून बसलेले, आणि न्हाणीघराच्या दाराखालून उजेडाची रेघ. मी हळूच दार ढकललं. माझी चाळिशी ओलांडलेली बहीण बादलीवर बसून, पाय ओल्या फरशीपासून वर उचलून, ओठ हलवत पाठ करत होती.

मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ताईने माझा हात धरून मला आत ओढलं आणि दार लावलं.

"ओरडू नकोस. सगळे उठतील."

"उठू देत. तू त्यांना सांगितलंस का?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"मी म्हटलं, ही वेळ माझी होती हो. तर म्हणाले, वेळ काय कुणाच्या नावावर असते का. सूर्य सगळ्यांसाठी उगवतो." ती हसली, पण ते हसू मला बघवलं नाही. "त्यांचं पोट कमी झालंय, बघितलंस ना? रागावत नाहीत हल्ली कुणावर. आई म्हणतात, पोरगा सुधारला. मी आता काय म्हणणार?"

त्या महिन्यात तिची सराव परीक्षा झाली आणि ती नापास झाली. प्रकाशाच्या पेपरात निम्मेसुद्धा गुण नव्हते. दुकानात मालक म्हणाले, "नसेल झेपत तर राहू द्या, ताई. मागची खोली काही वाईट नाही." भावजींनी पाठीवर हात ठेवून सांगितलं, "तुझ्या दिवसाला शिस्त नाही, म्हणून असं होतं. माझ्यासारखं वेळापत्रक करून भिंतीला लाव." स्वतःचं त्यांनी लावलंच होतं, ओट्याच्या वर, रंगीत पेनांनी. त्यात "कोमट पाणी" असं लिहिलं होतं. ते कुठून येतं ते लिहिलं नव्हतं.

मी गावी परतायच्या आधल्या दिवशी कंपनीचा वार्षिक कार्यक्रम होता, कुटुंबासकट. ताई म्हणाली चल, म्हणून गेले. मोठा हॉल, खुर्च्यांना पांढरी आवरणं, पुढे मंच. सहा महिन्यांत विक्री सगळ्यांत जास्त वाढवल्याबद्दल भावजींना मानचिन्ह मिळालं. साहेबांनी त्यांना "माझी सकाळ" या विषयावर बोलायला सांगितलं.

भावजी बोलले छान, हे कबूल करायला हवं. "मी उठतो. शांतपणे टेबलाशी बसतो. घर निःशब्द असतं. मग कोमट पाणी येतं. मग व्यायाम. तोवर नाश्ता येतो." पाणी येतं, नाश्ता येतो. जशी पहाट होते, पक्षी बोलतात, तसा नाश्ता येतो. मी ताईकडे बघितलं. ती मान खाली घालून नखाखालची पांढरी भुकटी काढत होती.

टाळ्या झाल्या. साहेब मोठे रसिक. म्हणाले, "प्रत्येक यशस्वी पुरुषामागे एक स्त्री असते. वहिनींनीही दोन शब्द बोलावेत."

ताई नको नको म्हणत होती. भावजींनी स्वतः येऊन हाताला धरून तिला मंचावर नेलं. तिने माइक हातात घेतला. माइक जरा करकरला, मग शांत झाला.

"पाणी मी तापवते," ताई म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "लिंबू मी पिळते, अंडी मी उकडते. ते टेबल माझं होतं. मी त्यावर परीक्षेचा अभ्यास करायचे, यांच्या आधीपासून. आता मी न्हाणीघरात बसते. बादली उपडी घालून. पान उलटायचा आवाज यांना चालत नाही."

मला वाटलं, आता धरणी दुभंगणार. आणि मग मागून कुणीतरी खो खो हसलं. ते हसू पसरत पुढच्या रांगेपर्यंत आलं. बायका पदर, रुमाल, हात, जे मिळेल ते तोंडाला लावून हसल्या. साहेब डोळे पुसत उठले आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही तर नवऱ्यापेक्षा चांगल्या वक्त्या निघालात. पुढच्या वर्षी तुम्हालाच बोलावणार." परत टाळ्या. भावजीही हसत होते, अभिमानाने.

ती विनोद करत नव्हती. ती एकदाही हसली नव्हती आणि तीनशे माणसांपैकी एकालाही ते दिसलं नाही.

रिक्षातून घरी येताना भावजी म्हणाले, "सगळ्यांना आवडलं हं तुझं बोलणं. बादलीचं तर फारच."

ताई बाहेर बघत राहिली. मी तोंड उघडणार होते, पण तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि इतक्या जोरात दाबला की मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले तेव्हा ताई चप्पल घालत होती. खांद्याला पिशवी, पिशवीत पुस्तकं.

"कुठे?"

"बाहेर."

"मी येऊ?"

"नको. तू झोप. कुणी विचारलं तर सांग, मी गेले."

ती गेली ती बस डेपोच्या कँटीनमध्ये. पहिल्या गाड्या सुटायच्या आत ड्रायव्हर-कंडक्टर तिथे चहा घेतात, म्हणून ते अंधारातच उघडतं. लांब बाकं, तेलकट टेबलं, भिंतीवर रेडिओ मोठ्याने चाललेला. ताईने एक चहा मागितला, कोपऱ्यातलं टेबल धरलं आणि पुस्तक उघडलं. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी एक जाडजूड ड्रायव्हर तिच्याकडे बघत बघत आला. तिला वाटलं, आता हा काहीतरी विचारणार, नाहीतर काहीतरी सांगणार. तो म्हणाला, "बाई, तिकडच्या टेबलावर बसा. तिथे ट्यूब चांगली आहे." जाता जाता त्याने रेडिओचा आवाज कमी केला. ताई म्हणते, तेव्हा तिला पहिल्यांदा रडू आलं. हॉलमध्ये नव्हतं आलं, न्हाणीघरात नव्हतं आलं.

घरी काय झालं ते मला भावजींच्याच फोनवरून कळलं.

"तुझी बहीण रोज पहाटे घर सोडून जाते," ते म्हणाले. "बस डेपोत जाऊन बसते, पुरुषांमध्ये. शोभतं का हे? लोक काय म्हणतील?"

"लोक हसतील, भावजी," मी म्हटलं. "तुमच्या कंपनीतले हसले तसेच."

"ती गंमत होती."

"ती गंमत नव्हती. तिने एकेक शब्द खरा सांगितला होता. तुम्हाला एवढंही कळलं नाही?"

मग म्हणाले, "मग मला नीट सांगायचं ना."

सांगा आता. नीट म्हणजे कसं सांगायचं असतं? घरात सांगून झालं, मंचावरून, माइकवरून सांगून झालं. आता काय बसच्या मागे रंगवून घ्यायचं?

ताई गेल्यावर कोमट पाणी आपोआप येईना. दोन दिवस भावजींनी आईला उठवलं. "आई, तुझ्या पिशवीसाठी पाणी तापवशीलच, तर माझंही तापव." सासूबाईंनी दोन दिवस तापवलं. तिसऱ्या दिवशी सोफ्यावर उठून बसल्या आणि त्यांनी मुलाला असं काही झापलं की आतल्या खोलीतली लेकही जागी झाली. तिनेच मला ते नंतर आजीच्या आवाजात करून दाखवलं.

"तुझे बाबा तीस वर्षं पहाटेच्या पाळीला गेले. स्वतः उठायचे, स्वतःचा चहा स्वतः करायचे, मला कळायचंसुद्धा नाही कधी गेले ते. त्यांना कुणी मंचावर चढवलं नाही. तुझ्या शिस्तीपायी मी का झोपमोड करून घेऊ?"

मात्र सासूबाई सुनेच्या बाजूच्या झाल्या असं कुणी समजू नये. त्याच दिवशी त्यांनी ताईलाही सुनावलं. "तुझं शिक्षण होईल गं, पण माझ्या गुडघ्यांचं काय? घरात बसून कर काय करायचं ते. याला मी टेबल सोडायला लावते."

भावजींनी टेबल सोडायची तयारी दाखवली. एक दिवस तू, एक दिवस मी, असं वाटून घेऊ म्हणाले. त्यांच्या मते हा फार मोठा त्याग होता.

"मला टेबल नको," ताई म्हणाली.

"मग काय हवंय?"

"मी घरात असले की तुम्हा सगळ्यांना काहीतरी आठवतं. म्हणून मी घरात नसणं बरं. परीक्षा होईपर्यंत मी तिकडेच बसणार. आई, पिशवीचं पाणी थर्मासमध्ये रात्री भरून ठेवत जाईन. बाकीचं तुमचं तुम्ही बघा."

दुकानाच्या मालकांनाही तिने सांगून टाकलं, की पार्सलवाल्याला दुकान उघडल्यावर यायला सांगा. मालक म्हणाले, जमणार नाही. चार दिवस पार्सल परत गेलं. पाचव्या दिवसापासून पार्सलवाला दुकान उघडल्यावर यायला लागला. एवढं सोपं होतं ते. मला तर त्यामुळे जास्तच चीड आली.

त्यानंतर भावजींची सकाळ महिनाभरही टिकली नाही. लिंबू कापायला सुरी सापडेना, अंडी उकळत ठेवून ध्यानाला बसले आणि पाणी आटून भांडं करपलं. मग थंडी वाढली. मग एक दिवस गजर वाजला आणि ते कुशीवर वळले. बोलायचे मात्र सगळ्यांजवळ, "हिच्या हट्टापायी माझी शिस्त मोडली." ऐकणारे मान हलवायचे. त्यांना भावजींची दया यायची.

ताई लेखी परीक्षेत पास झाली. प्रात्यक्षिकात पहिल्यांदा नापास झाली, कारण परीक्षकासमोर तिरक्या नंबराचा अक्ष चुकला. दुसऱ्या खेपेला पास झाली. मालकांनी पुढची खुर्ची द्यायची तयारी दाखवली, पण काच घासायचं कामही संध्याकाळी तिनेच करावं असं त्यांचं म्हणणं पडलं. ताईने नमस्कार केला आणि डोळ्यांच्या दवाखान्यात जागा होती तिथे अर्ज केला. आता ती तिथे नंबर काढते. आता तिच्या हाताला भुकटी लागत नाही.

नोकरी लागली त्याच्या पुढच्या रविवारी मी तिच्याकडे गेले होते. भावजींचे मामा आणि मामी अभिनंदन करायला आले होते. मामा म्हणाले, "नोकरी, घर, अभ्यास. कसं जमवलं सूनबाईंनी?"

भावजी सोफ्यावर मागे टेकले. "पहाटे उठायचं, दुसरं काय," म्हणाले. "ती सवय आमच्या घरात मी लावली. शिबिरात शिकून आलो आणि सगळ्यांना कामाला लावलं."

मी ताटली खाली ठेवली. आता मी बोलणारच होते, मामा असोत नाहीतर मामांचे मामा. पण माझ्या आधी भाची बोलली. मोबाइलमधून डोळेसुद्धा वर न करता.

"बाबा, तू झोपलेला असायचास. आई जायची तेव्हा दार मी लावून घ्यायचे."

मामींनी घसा खाकरला. भावजींच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याला आता कसला आधार उरला नव्हता. सासूबाईंनी प्रसंग सावरायला म्हटलं, "चहा कोण टाकतंय?"

आणि सवयीने सगळे ताईकडे बघायला लागले. मीसुद्धा.

ताई मामींशी बोलत होती. त्यांचा चष्मा तिने हातात घेतला होता, उजेडाकडे धरून बघत होती, आणि विचारत होती की वाचताना डोकं दुखतं का. ती उठली नाही. तिने चहाचं ऐकलं होतं, हे मला तिच्या मानेवरून कळलं. पण उठली नाही.

थोड्या वेळाने भावजी उठले. स्वयंपाकघरात भांडी खडखडली, एक कपाट उघडलं, बंद झालं, दुसरं उघडलं.

"अगं," ते आतून म्हणाले, "साखर कुठे असते?"

सोळा वर्षं झाली होती त्यांना त्या घरात राहायला येऊन. ताईने मामींचा चष्मा रुमालाने पुसला आणि परत डोळ्यापुढे धरला.

"बघा तिथेच कुठेतरी," ती म्हणाली.